हरवलेल्या लढाऊ विमानाचा माग कसा काढावा: गोव्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

गोव्यात हा प्रश्न दोन वाटांनी येतो. कधी जुन्या पेटीतून: गणवेशातला फोटो, छातीवर पंखांचा बिल्ला आणि 'बेपत्ता' असे कळवणारी पिवळी पडलेली तार. कधी मालीम किंवा कुटबणच्या जेटीवर, ट्रॉलरच्या जाळ्यातून: शिंपल्यांनी मढलेला ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्यावर रिव्हेटच्या रांगा. पहिल्या वाटेने आलेल्याला माणूस ठाऊक असतो, विमान ठाऊक नसते. दुसऱ्याच्या हातात विमानाचा तुकडा असतो, पण ते कोणते, कुणाचे, कधीचे याचा पत्ता नसतो.

दोघांसाठी पद्धत एकच. विमान, वैमानिक आणि जागा हे तीन धागे वेगवेगळ्या कागदांवर ठेवायचे आणि दोन स्वतंत्र नोंदी जुळल्याशिवाय त्यांची गाठ मारायची नाही. तीनपैकी दोन कळले की तिसरा गृहीत धरण्याचा मोह होतो, आणि बहुतेक शोध तिथेच चुकीच्या वाटेला लागतात.

आधी गोव्यापुरता खुलासा

१९३९ ते १९४५ या काळात गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता आणि पोर्तुगाल युद्धात तटस्थ होता. दाबोळीचा विमानतळ १९५० च्या दशकातला. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातले लढाऊ विमान गोव्याच्या तळावरून उडाले, हे संभवत नाही. जवळचा युद्धकालीन तळ घाटमाथ्यावर, बेळगावजवळ सांबऱ्याला, १९४२ मध्ये झाला. तिथून भरकटलेले एखादे विमान गोव्याच्या हद्दीत उतरले असते, तर तटस्थ देशाच्या नियमाने विमान आणि वैमानिक दोघांनाही अडकवून ठेवले गेले असते. अशा प्रसंगाचा पत्रव्यवहार पणजी, लिस्बन आणि लंडन असा तिन्हीकडे फिरतो. म्हणून 'आमच्या डोंगरात इंग्रजांचे विमान पडले होते' असे गावात ऐकले, तर आधी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात त्या काळची पोर्तुगीज वृत्तपत्रे चाळा, मग गोव्याच्या पुराभिलेख खात्यात विचारा, आणि शेवटी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या राजकीय फाइलींची सूची पाहा. तिन्हीकडे काहीच मिळाले नाही, तर ती गोष्ट बहुधा दुसऱ्याच घटनेची आहे.

ही दुसरी घटना अनेकदा १९६१ ची असते. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले आणि हंटर विमानांनी बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर रॉकेट व तोफांचा मारा केला. त्या परिसरात मिळालेले लोखंडाचे फुटके तुकडे विमानाचे नसून दारूगोळ्याचे असण्याची शक्यता जास्त. त्यानंतरच्या दशकांत दाबोळीवरून नौदलाची सी हॉक, अलिझे आणि सी हॅरियर विमाने उडत आली. समुद्रातल्या जाळ्यात आलेला तुकडा या नंतरच्या विमानांचा, त्यांच्या इंधनटाकीचा किंवा सरावातल्या लक्ष्याचा आहे का, हे आधी तपासावे. त्यासाठी बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात अर्धा दिवस काढा. सी हॉक आणि फायरफ्लाय तिथे उभी आहेत. पत्र्याची जाडी, रिव्हेटमधले अंतर, झाकणांचे स्क्रू जवळून पाहिले की हातातला तुकडा बोलू लागतो. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, कार्बन फायबरचे थर किंवा टर्बाइनची पाती दिसली, तर इथल्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचा विचार सोडून द्या.

पेटीतून सुरू झालेला शोध मात्र गोव्याबाहेर जातो: आराकान, इंफाळ, चिंदविन ही ब्रह्मदेशाच्या आघाडीवरची ठिकाणे, नाहीतर अंबाला, रिसालपूर, पेशावर अशी प्रशिक्षणाची ठिकाणे. पुढचे बरेचसे त्या शोधाबद्दल आहे.

पेटीतले कागद कसे वाचावेत

प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, पाकिटांचेही. फोटोच्या मागचा शिक्का आणि पाकिटावरचा टपाल क्रमांक यांतून तळ कळतो. सर्वात आधी शोधायचा तो सेवा क्रमांक. नावे सारखी असतात, सेवा क्रमांक एकाचाच असतो.

तारेवरची तारीख ही विमान हरवल्याची तारीख नव्हे. तार काही दिवसांनी निघे आणि त्याहून उशिरा पोचे. 'बेपत्ता' हा पहिला दर्जा; साधारण सहा महिने काही कळले नाही की 'मृत मानण्यात येत आहे' असे दुसरे पत्र येई. काही कुटुंबांत या दुसऱ्या पत्राची तारीखच पुण्यतिथी म्हणून पाळली जाते. तसे असेल तर स्क्वाड्रनच्या, म्हणजे विमान तुकडीच्या, नोंदवहीत नेमक्या दिवशी काहीच सापडत नाही आणि माणूस निराश होतो. सहा-सात महिने मागे जाऊन शोधा.

बिल्ला नीट पाहा. दोन्ही पंख असतील तर वैमानिक. एकच पंख आणि शेजारी अक्षर असेल तर निरीक्षक, नेव्हिगेटर किंवा तोफची. एक पंखवाला माणूस हरिकेन किंवा स्पिटफायरमध्ये बसणार नाही, कारण ती एकासनी विमाने. तो बहुधा व्हेंजन्ससारख्या दोन आसनांच्या किंवा आणखी मोठ्या विमानात होता. फोटोत तो ज्या विमानाला टेकून उभा आहे ते त्याचेच, असेही समजू नका; उभे असलेल्या कोणत्याही विमानाशेजारी फोटो काढून घेत.

वैमानिकाची उड्डाणवही, म्हणजे फॉर्म ४१४, मिळाली तर निम्मे काम झाले. तिच्यात तारीख, विमानाचा प्रकार, क्रमांक, कामगिरी आणि तास अशा रकान्यांत प्रत्येक उड्डाण असते. शेवटची ओळ दुसऱ्याच्या हस्ताक्षरात असू शकते, आणि ती मागाहून भरलेली असल्याने तिच्यात चूकही असू शकते.

नावाच्या अडचणी

गोव्याच्या माणसाचा शोध इथे हमखास अडतो. घरी नाईक, पोर्तुगीज दाखल्यात 'नाइके', आणि इंग्रजी भरतीपत्रात कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे. शेणवीचे 'सिनाय', प्रभूचे 'पोरोबो', कामतचे 'कामोतीम', भटाचे 'बोतो', केणीचे 'केनी' की 'केनीम' अशी रूपे पोर्तुगीज नोंदींत येतात. काकोडकर, शिरोडकर यांतला 'क' पोर्तुगीजात वेगळ्या अक्षराने आणि 'श' हा एक्स अक्षराने लिहिलेला सापडतो. म्हणून सिव्हिल रजिस्ट्रार कार्यालयातून जन्मनोंदीची प्रत आधी घ्या आणि आडनावाची सगळी रूपे एका पानावर मांडून प्रत्येक रूपाने स्वतंत्र शोध करा. जन्मगाव 'पोर्तुगीज इंडिया' असे असेल, किंवा तेही नसेल आणि भरतीच्या वेळचा मुंबई, पुणे वा कराचीचा पत्ताच मूळ गाव म्हणून लागलेला असेल. वडिलांचे नाव ही ताळा पाहण्याची चांगली खूण. युद्धस्मारकांच्या नोंदीत ते पुष्कळदा दिलेले असते.

विमानाचा क्रमांक

ब्रिटिश विमानाची ओळख शेपटाजवळ रंगवलेल्या सिरियल क्रमांकात असते. युद्धकाळात तो बहुधा दोन रोमन अक्षरे आणि तीन अंक असा. हा क्रमांक एकाच विमानाला आयुष्यभरासाठी दिला जाई. अंगावरची मोठी अक्षरे मात्र स्क्वाड्रनची आणि त्यातल्या विमानाची खूण. विमान गेले की तेच अक्षर बदली विमानाला मिळे, म्हणून केवळ अक्षरावरून विमान ठरवू नये.

नोंदवहीत टंकलेखनाच्या चुका फार आहेत. ३ आणि ८, बी आणि डी, ई आणि एफ एकमेकांच्या जागी येतात, शेजारचे दोन अंक उलटतात. चूक पकडण्याची साधी युक्ती: तो क्रमांक छापील सिरियल यादीत काढा. स्क्वाड्रन हरिकेन उडवत होते आणि यादीत त्या क्रमांकावर बॉम्बर निघाले, तर क्रमांक चुकला आहे. एकेक अक्षर-अंक बदलून पाहा. यादीत तो क्रमांकच नसेल तरी गोंधळू नका. शत्रूला उत्पादनाचा अंदाज येऊ नये म्हणून मुद्दाम क्रमांकांचे पट्टे रिकामे सोडलेले होते.

अमेरिकन विमानाच्या क्रमांकात आधी वर्षाचे दोन अंक आणि मग अनुक्रम असतो, पण शेपटावर रंगवताना वर्षाचा पहिला अंक गाळलेला असे. शेपटावर ३ ने सुरू होणारा आकडा दिसला तर कागदावर तो ४३ ने सुरू होईल.

मूळ नोंदी, कोणत्या क्रमाने

लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय पुराभिलेखात एआयआर २७ या मालिकेत स्क्वाड्रनच्या दैनंदिन नोंदवह्या आहेत. तिथे दोन फॉर्म ओळखायला शिका. फॉर्म ५४० मध्ये दिवसाचा गोषवारा असतो. फॉर्म ५४१ मध्ये प्रत्येक उड्डाणाचा विमान क्रमांक, कर्मचारी, सुटण्याची आणि परतण्याची वेळ. परतण्याच्या रकान्यात वेळ नसलेली ओळ म्हणजे तुमची ओळ. फक्त त्या दिवसाचे पान मागवू नका. आधीचे आणि नंतरचे मिळून दोन महिने वाचा. हरवलेल्या माणसाबद्दलची बातमी, म्हणजे गस्तीला अवशेष दिसले, गावकऱ्यांनी निरोप आणला, कुणी पायी परत आला, ती बऱ्याचदा तीन-चार आठवड्यांनंतरच्या पानावर दोन ओळींत लिहिलेली असते. एआयआर २८ मध्ये तळाच्या वह्या आहेत, एआयआर ५० मध्ये हवाई चकमकीचे अहवाल. एआयआर ८१ मध्ये एकेका दुर्घटनेची स्वतंत्र फाइल असते, पण त्या १९३९ पासून क्रमाक्रमाने खुल्या होत आल्या आहेत. तुमच्या तारखेपर्यंत क्रम पोचला आहे का, ते आधी सूचीत पाहा.

विमानाची दोन कार्डे असतात. फॉर्म ७८ हे हालचालीचे कार्ड आणि फॉर्म ११८० हे अपघाताचे. दोन्हींबद्दल लंडनच्या आरएएफ, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या, संग्रहालयात विचारावे. युरोपात राहिलेल्या विमानाचे हालचाल कार्ड भरगच्च असते. भारतात पाठवलेल्या विमानाच्या कार्डावर अनेकदा तीनच गोष्टी मिळतात: जहाजावर चढवल्याची तारीख, 'इंडिया' आणि यादीतून कमी केल्याची तारीख. ही शेवटची तारीख फसवी आहे. कारकुनी गणना होईल तेव्हा अनेक विमाने एकाच दिवशी कमी केली जात. महिनाअखेरची तारीख दिसली की ती हिशेबाची समजावी. 'एफबी' म्हणजे लढाईतील उड्डाण, 'एफए' म्हणजे अपघात, 'कॅटेगरी ई' म्हणजे दुरुस्तीपलीकडे, ही लघुरूपे पाठ करून ठेवा.

आणि विमान हरवले म्हणजे ते पडलेच, असेही नाही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा त्याच्या मालात पेट्यांत बंद स्पिटफायर होती. अशा विमानाचा शोध रणांगणावर घेणारा कितीही शहाणा असला तरी त्याला काही मिळणार नाही.

अमेरिकन विमानासाठी १९४३ च्या मध्यापासून 'बेपत्ता कर्मचारी अहवाल' मिळतो. त्यात इंजिनाचा आणि प्रत्येक मशीनगनचा क्रमांक असतो, म्हणून अवशेषाशी थेट ताळा घालता येतो. ब्रिटिश नोंदींत ही सोय क्वचित.

कबर, स्मारक, कैद

राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर सेवा क्रमांकाने शोधा. आग्नेय आशियात कबर न सापडलेल्या हवाई सैनिकांची नावे सिंगापूर स्मारकाच्या स्तंभांवर आहेत. नाव तिथे असेल तर ओळख पटलेली कबर नाही, एवढेच सिद्ध होते. विमान सापडले नाही असे नव्हे. नाव कबरीवर असेल तर त्या नोंदीला जोडलेला 'कॉन्सन्ट्रेशन रिपोर्ट', म्हणजे कबर हलवल्याची नोंद, उघडा. देह मूळ कुठे पुरला होता त्याचा नकाशा-संदर्भ त्यात असू शकतो, आणि तो विमानाच्या जागेचा सर्वात भरवशाचा पुरावा ठरतो. या कागदाकडे पुष्कळ लोक लक्षच देत नाहीत.

पुण्याजवळ खडकीच्या युद्ध दफनभूमीत पश्चिम आणि मध्य भारतातल्या विखुरलेल्या कबरी हलवून आणल्या आहेत. बेळगाव, मुंबई, पुण्याकडच्या अपघातातल्या ब्रिटिश वैमानिकाचा शोध असेल तर वास्को किंवा मडगावहून पुण्याची गाडी धरून तिथे जाता येते. हिंदू, मुस्लिम, शीख सैनिकांवर त्यांच्या धर्माप्रमाणे अंत्यसंस्कार झाले असतील तर कबर नसेल. नाव एखाद्या स्मारकावर शोधावे लागेल.

वैमानिक जिवंत पकडला गेल्याची शंका असेल तर क्यूमध्ये डब्ल्यूओ ३४५ या मालिकेत जपान्यांनी ठेवलेली कैद्यांची कार्डे आहेत आणि डब्ल्यूओ ३४४ मध्ये सुटका झालेल्यांनी भरलेल्या प्रश्नावल्या. ब्रह्मदेशात पकडलेल्या वैमानिकांना रंगूनच्या तुरुंगात ठेवत. तिथून सुटलेल्यांच्या प्रश्नावल्यांत इतरांची नावे येतात, तीही वाचा.

घड्याळ आणि नकाशा

१ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे होती, आजच्यासारखी साडेपाच नव्हे. जपानी सैन्य टोकियोची वेळ वापरी, म्हणजे नऊ तास पुढे. तेव्हा ब्रिटिश नोंदीत सकाळी साडेआठला झालेली चकमक जपानी नोंदीत अकराला झालेली दिसते. हा अडीच तासांचा फरक न लावल्यामुळे एकच चकमक दोन म्हणून मोजली जाते. ज्या वहीत 'झेड' लिहिले आहे ती वेळ ग्रिनिचची.

जपानी दावे तपासायचे तर त्यांच्या आशियाई ऐतिहासिक नोंदींच्या केंद्राचा संगणकीय संग्रह आहे. दोन्ही बाजूंनी पाडलेल्या विमानांचे आकडे फुगवलेले असत. एकाच विमानावर दोघांनी गोळ्या झाडल्या आणि दोघांनीही ते आपले म्हटले, हे नेहमीचे. दाव्यावरून जागा आणि वेळ घ्या, संख्या घेऊ नका.

जागेचा संदर्भ त्या काळच्या पाव-इंची (मैलाला पाव इंच) नकाशावरच्या चौकटींच्या जाळ्यात, म्हणजे ग्रिडमध्ये, असतो. मूळ नकाशाशिवाय तो आजच्या मोबाइलवर उतरवू नका. ते नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, बेतलेले, आजचे जीपीएस वेगळ्यावर; फरक शे-दोनशे मीटर किंवा जास्तही पडतो, आणि जंगलात दोनशे मीटर म्हणजे दुसरी दरी. आधी जुन्या नकाशावर नदीचे वळण, गाव, शिखर पाहून जागा ठरवा, मग तीच खूण उपग्रहचित्रात शोधा. गावांची नावे बदललेली, गावे स्वतः हललेली असतात. नद्याही पात्र बदलतात, शिखर हलत नाही.

तुकडा हातात असेल तर

समुद्रातून आलेला तुकडा वाळवू नका. गोड्या पाण्याच्या टबात बुडवून ठेवा आणि पाणी वरचेवर बदला. वाळला की आतले मीठ ॲल्युमिनियमला फोडते आणि कोरलेले अंक पांढऱ्या भुकटीसोबत निघून जातात. तारेचा ब्रश, ॲसिड, सँडपेपर काही नको. मऊ ब्रशने चिखल काढा, मग अंधारात एका बाजूने टॉर्चचा तिरपा प्रकाश टाकून फोटो घ्या. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे अंक सावलीत उठतात.

तांडेलाला जाळे वर काढल्याची जागा विचारू नका, ओढ सुरू केल्याची आणि संपवल्याची दोन्ही विचारा. जाळे कित्येक किलोमीटर ओढले जाते; वस्तू त्यात कुठेही अडकलेली असू शकते.

अंकांतून बरेच कळते. स्पिटफायरच्या सुट्या भागांच्या क्रमांकाची सुरुवात त्या प्रकारच्या, म्हणजे 'मार्क'च्या, आराखडा क्रमांकाने होते: ३०० मार्क एकसाठी, ३३१ मार्क पाच-बीसाठी, ३६० मार्क आठसाठी, ३६१ मार्क नऊसाठी, ३७९ मार्क चौदासाठी. पण जुन्या मार्कचे भाग नव्यात वापरले जात, म्हणून सापडलेल्यांतला सर्वात मोठा आराखडा क्रमांक धरावा. 'सीबीएएफ' म्हणजे कॅसल ब्रॉमिच कारखाना, '६एस' हा सुपरमरीनचा तपासणी शिक्का. मस्टँगच्या भागांवर ७३, १०२, १०३, १०९ असे आकडे सुरुवातीला येतात. ब्रिटिश उपकरणांवर भांडार क्रमांक असतो: ६ए उपकरणे, ५सी विजेचे सामान, १०डी रेडिओ, १५ए पॅराशूट, २२सी वैमानिकाचे कपडे. यावरून विमान कळत नाही, पण ते ब्रिटिश वापरातले होते हे कळते.

रिकामी काडतुसे मोजा. १२.७ मिलिमीटरच्या अमेरिकन काडतुसाचे कवच ९९ मिलिमीटर लांब, .३०३ चे ५६, हिस्पानो २० मिलिमीटर तोफेचे ११०. हरिकेन दोन-बीवर बारा .३०३ मशीनगन, दोन-सीवर चार २० मिलिमीटर तोफा, थंडरबोल्टवर आठ १२.७ मिलिमीटर मशीनगन. ३० मिलिमीटरचे कवच निघाले तर ते हंटरच्या काळाचे. कवचाच्या बुडावर कारखान्याची खूण आणि सहसा वर्ष असते. बाणासह के आणि एफ ही अक्षरे आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. वर्ष ४४ असेल तर विमान त्याआधी पडलेले नाही, हे मात्र पक्के.

न उडालेली गोळी, बॉम्ब किंवा रॉकेट वाटेल अशी कुठलीही वस्तू दिसली तर हात न लावता मागे सरका आणि ११२ ला कळवा. ऐंशी वर्षांचा स्फोटक पदार्थ जुना झाला म्हणून शांत होत नाही.

प्रत्यक्ष जागेवर

कागदावरची जागा एक-दोन किलोमीटरच्या आत आल्यावरच निघा. मणिपूर, नागालँड, मिझोराम, अरुणाचल या चारही राज्यांत गोव्याच्या माणसाला इनर लाइन परमिट लागते. गावच्या मुख्याची परवानगी त्याहून आधी. ऊन-पावसात झाडी वाढण्याआधी, हिवाळ्यात जा.

सबंध विमान मिळण्याची अपेक्षा नको. हरिकेनचा मागचा भाग पोलादी नळ्यांवर ताणलेल्या कापडाचा. कापड आणि लाकूड केव्हाच कुजते, उरतात वाकड्या नळ्या. ॲल्युमिनियम गावकऱ्यांनी भांड्यांसाठी नेलेले असते. टिकतात ती इंजिन, चाकाचे पाय, वैमानिकाच्या पाठीमागची पोलादी ढाल, तोफांच्या नळ्या. विमान सरळ खाली आले असेल तर इंजिन जमिनीत खोल रुतलेले आणि वर फक्त पाण्याचा खड्डा. पोटावर उतरवले असेल तर तुकडे एका रेषेत पसरलेले. हा फरक वैमानिक वाचला असेल का याबद्दल सांगतो, म्हणून उचलाउचल करण्याआधी प्रत्येक तुकड्याची जागा टेप आणि होकायंत्राने कागदावर उतरवा.

हाड, दात, बूट, पॅराशूटचे बकल दिसले की खोदकाम तिथेच थांबवा. पोलीस पंचनामा, मग माणसाच्या देशाप्रमाणे भारतीय हवाई दल, युद्धकबर आयोग किंवा अमेरिकेची बेपत्ता सैनिकांचा शोध घेणारी संस्था. ओळखपट्टी मिळाली तरी घरच्यांना फोन करू नका. ती बातमी खात्री झाल्यावर त्या संस्थेकडूनच जावी.

फाइल कशी ठेवावी

तीन धाग्यांची तीन पाने आणि चौथे पान जुळणीचे. प्रत्येक विधानासमोर दर्जा लिहा: मूळ नोंद, मागाहूनची नोंद, ऐकीव. घरातल्या वडीलधाऱ्यांची आठवण ऐकीव या रकान्यात लिहिताना संकोच वाटतो, पण लिहावी. ती खोटी म्हणून नव्हे, तिचा ताळा अजून घ्यायचा आहे म्हणून.

आणि युद्धकबर आयोगाच्या नोंदीत नाव चुकले असेल, वडिलांचे नाव किंवा गाव गाळले असेल, तर दुरुस्तीचा अर्ज करता येतो. सोबत जन्मनोंदीची प्रत व तिचा इंग्रजी अनुवाद, सेवा क्रमांक असलेला एक लष्करी कागद आणि आडनावाची दोन्ही रूपे एकाच माणसाची हे दाखवणारा एखादा दस्त जोडा. शाळेचा दाखला किंवा पासपोर्ट चालतो. एका अर्जात एकाच माणसाबद्दल लिहा.